कराटे की कुस्ती? आधी वर्ग बघून या

दहावी झाली की वस्तीतली मुलं-मुली विचारतात, कराटे शिकू की कुस्ती? आम्ही उलट विचारतो, घरापासून चालत जाता येईल असं काय आहे? लातूर जिल्हा हरिश्चंद्र बिराजदारांचा, काका पवारांचा; तिथं कुस्तीची ओढ जुनी. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे गतका. कराटे, तायक्वांदो दोन्हीकडे.

नावावर जाऊ नका. एक दिवस नुसतं बसून बघा. नवख्याला आधी नीट पडायला शिकवतात का? खाली मॅट किंवा उकरलेली माती आहे का? फरशीवर आपटणारा वर्ग नकोच, भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं असोत. मुलीची आई कधीही येऊन बसली तर चालतं का, हेही विचारा.

कुस्तीत गजकर्ण झपाट्यानं पसरतं. टॉवेल स्वतःचा, सरावानंतर लगेच अंघोळ. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली तर खेळ बंद, थेट दवाखाना. मुलीला धाप लागते, चक्कर येते? हिमोग्लोबिन तपासा, 12 च्या खाली असेल तर आधी उपचार. धनुर्वाताची लस 10 व्या आणि 16 व्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वजन उतरवायला पाणी तोडायला लावणाऱ्या उस्तादाकडे पाठवू नका.

आणि फी वर्षाची एकदम भरू नका, महिन्याची भरा.