पित्त नेमकं कशानं उठलं?

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की पुण्यातल्या घरात पहिला संशय आदल्या रात्रीच्या वांग्यावर जातो. मग आंबवलेल्या पदार्थांवर, मग बाहेरच्या पाणीपुरीवर. अंगाला आमसुलाचं पाणी चोळलं जातं, दोन दिवसांत गांधी विरतात आणि वांगं मात्र घरातून कायमचं हद्दपार होतं. बऱ्याचदा त्या वांग्याचा काहीच दोष नसतो. लहान मुलांना अचानक येणाऱ्या गांधींमागे बहुतेक वेळा साधा विषाणुसंसर्ग असतो. आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ येत-जात राहणाऱ्या पित्ताचं कारण अन्नात क्वचितच सापडतं.

खरी अन्नाची ॲलर्जी ओळखायची तर आधी बारीक चौकशी हवी. काय खाल्लं, किती खाल्लं, किती मिनिटांनी त्रास सुरू झाला, पूर्वी तेच खाल्लं तेव्हा काय झालं होतं? ॲलर्जीची नेहमीची तऱ्हा म्हणजे खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनएक तासांत ओठ सुजतात, गांधी येतात, उलटी होते, दम लागतो. आणि तो पदार्थ पोटात गेला की पुन्हा तेच होतं. दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगत असेल, तर ते बहुधा दुधातली साखर न पचण्याचं लक्षण. त्याला ॲलर्जी म्हणत नाहीत. खाल्ल्यानंतर काय केलं, हेही विचारावं लागतं. गव्हाच्या ॲलर्जीचा एक प्रकार असा आहे, की रोज पोळी खाऊन काही होत नाही. पण पोळी खाऊन लगेच पळायला गेलं किंवा हनुमान टेकडी चढायला घेतली, तर माणूस कोसळू शकतो.

हे सगळं रक्तातल्या एखाद्या घटकामुळे घडतं, याचा ठोस पुरावा 1921 साली मिळाला. जर्मनीतल्या हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासे चालत नसत. त्यांच्या रक्तातला पातळ भाग कार्ल प्राउसनित्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, तर मासे व्यवस्थित पचवणाऱ्या प्राउसनित्झ यांच्या कातडीवर गांध उठली. रक्तातला हा घटक म्हणजे ‘आयजीई’ हे प्रतिपिंड, हे कळायला 1960 चं दशक उजाडावं लागलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याचा त्यात मोठा वाटा होता.

आजची ‘प्रिक टेस्ट’ याच तत्त्वावर चालते. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करतात, प्रत्येक खुणेजवळ एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवतात आणि थेंबातून कातडीला हलकेच टोचतात. एक थेंब हिस्टामिनचा असतो, तिथे फुगवटा यायलाच हवा. एक सलाइनचा, तिथे येता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीनं मोजायचं. सलाइनच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठा फुगवटा आला, तर टेस्ट पॉझिटिव्ह. ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल फसवा येतो.

पण पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी असं नव्हे, आणि घोळ इथेच होतो. शेजारच्या कर्नाटकात प्रौढांची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. मात्र तक्रार आणि तपासणी यांचा मेळ बसून ॲलर्जी असण्याची शक्यता ठरली ती फक्त 1.2 टक्के लोकांत. म्हणून चौकशी न करता, एकदम अनेक पदार्थांसाठी काढलेल्या मोठमोठ्या ‘फूड पॅनेल’च्या रिपोर्टवरून वाढत्या मुलाच्या ताटातलं दूध, गहू, डाळ, अंडं एका झटक्यात बंद करणं हा त्या मुलावर अन्यायच आहे. ‘आयजीजी’ हे वेगळंच प्रतिपिंड मोजून ‘फूड इंटॉलरन्स’ सांगणाऱ्या तपासण्या तर ॲलर्जीतज्ज्ञांच्या युरोप-अमेरिकेतल्या संघटनांनी साफ नाकारल्या आहेत. आपण जे नेहमी खातो त्याचं आयजीजी रक्तात असणारच.

शंका उरली तर शेवटचा शब्द ‘फूड चॅलेंज’चा. रुग्णालयात, औषधं हाताशी ठेवून, संशयित पदार्थ कणाकणानं वाढवत खायला देतात आणि तासन्‌तास लक्ष ठेवतात. हा प्रयोग घरी करायचा नसतो.

ॲलर्जी पक्की ठरली की तो पदार्थ टाळायचा, आणि चुकून पोटात गेलाच तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवायचं. घसा आवळतोय, दम लागतोय, चक्कर येतेय, तर औषध एकच : ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. लसीकरणाच्या ठिकाणी आरोग्यसेविकेकडच्या पेटीतही याची कुपी असते, इतकं ते साधं आणि स्वस्त आहे. नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळीनं खाज थांबते, आवळलेला श्वासमार्ग मोकळा होत नाही. रुग्णाला आडवं झोपवून पाय वर घ्यावेत, दम लागला असेल तर बसू द्यावं, पण उठून चालायला लावू नये. आणि 108 ला फोन करावा. परदेशात मिळतं तसं स्वतःच टोचायचं ॲड्रेनलिनचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, ही मोठी उणीव आहे.

दूध आणि अंड्याची ॲलर्जी बरीच मुलं वाढत्या वयात मागे टाकतात, म्हणून ठरावीक काळानं पुन्हा तपासायला हवं. शेंगदाण्याचं तसं नाही. तिथे आधीच केलेला बचाव अधिक उपयोगी. लंडनमध्ये 640 जोखमीच्या तान्ह्या मुलांवर झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेंगदाणा टाळणाऱ्या गटातल्या 17.2 टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. पहिल्या वर्षापासून खाणाऱ्या गटात हे प्रमाण 3.2 टक्के होतं. तेव्हा उष्टावणानंतर पेजेत चिमूटभर बारीक कूट कालवायला भ्यायचं कारण नाही. अख्खा दाणा मात्र देऊ नये, तो घशात अडकतो. बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्या ताटाशी सर्वांत जवळचा प्रश्न हरभऱ्याचा आहे. मुंबईतल्या निफाडकर, पाटील आणि बापट या संशोधकांनी 1997 मध्ये हरभऱ्यामुळे आलेल्या जीवघेण्या ॲलर्जीची नोंद केली, आणि 2001 मध्ये भारतीय उपखंडात हरभरा हा ॲलर्जीचा प्रमुख कारक असल्याचं दाखवून दिलं. महाराष्ट्रात हरभरा टाळणं किती अवघड आहे पाहा. पिठलं, भजी आणि पुरणपोळीत तो दिसतो तरी. बाकरवडीच्या आवरणात, चकलीच्या भाजणीत, ताक फुटू नये म्हणून कढीला लावलेल्या पिठात, पीठ पेरलेल्या भाजीत, डाळं घालून वाटलेल्या खोबऱ्याच्या चटणीत तो लपलेला असतो. ज्या कढईत भजी तळली, त्याच तेलात साबुदाणा वडाही तळला जातो.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल-नियमांत ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा ॲलर्जीकारक म्हणून वेगळा उल्लेख सक्तीचा आहे. ही यादी जगभरच्या नमुन्यावर बेतलेली आहे. हरभरा तिच्यात नाही. पाकिटावरच्या घटकांत बेसन छापलेलं असतं, पण ॲलर्जीच्या सूचनेत ते येत नाही. हरभरा या यादीत यायलाच हवा. हॉटेलांच्या मेनूवर ॲलर्जीची माहिती देण्याचं बंधनही केंद्रीय परवानाधारकांना किंवा दहा वा अधिक शाखा असणाऱ्यांनाच लागू आहे. कोपऱ्यावरचं मिसळीचं दुकान आणि भज्यांची गाडी त्यात येत नाही. तिथे हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्या माणसानं दर वेळी विचारायलाच हवं : रश्श्याला पीठ लावलंय का, आणि या कढईत आधी काय तळलं?