खुडूक कोंबडी आणि तिची पिलं

कोंबडी अंडी द्यायची थांबली, एकाच जागी अंग फुगवून बसू लागली आणि जवळ गेले की टोच मारू लागली, म्हणजे समजावे ती खुडूक झाली. पुष्कळ लोक अशा कोंबडीला पाण्यात बुचकळतात नाहीतर नाकात पीस घालतात, म्हणजे ती लवकर पुन्हा अंड्यावर यावी. अंडी विकायची असली तर ठीक. पण पिलं पाहिजे असतील तर हीच कोंबडी कामाची.

आमची आई तिच्याखाली १० ते १२ अंडी ठेवते. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली पाहिजेत आणि कोंबड्यांत कोंबडा फिरत असला पाहिजे. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिलू निघत नाही, कारण तिथे कोंबडा नसतोच. टोपलीत वाळके गवत घालून ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. आजी त्यात लोखंडी खिळा ठेवते, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी बिघडत नाहीत म्हणे. खिळ्याने काही होते असे मला वाटत नाही, पण आजीला सांगणार कोण!

पुढचे २१ दिवस सगळे कोंबडीच करते. पोटावरची पिसे गळून तिची उघडी कातडी अंड्यांना लागते, त्याने ऊब मिळते. चोचीने ती अंडी फिरवत राहते, नाहीतर आतले पिलू कवचाला चिकटेल. दिवसातून एकदाच उठते, दाणापाणी करते आणि दिवसभर धरून ठेवलेली घाण एकदम टाकते. वास असा, की नाक दाबून पळावे लागते! तिला अडवू नका, थोड्या वेळाने ती आपली आपण परत बसते. सातव्या रात्री अंडे बॅटरीपुढे धरले तर आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. ज्यात काहीच दिसत नाही ती अंडी काढून टाकावीत.

एकविसाव्या दिवशी पिलू आतून कवच फोडते. मुलांनो, कवच सोलून मदत करू नका. शिरा तुटून रक्त येते आणि पिलू मरते. पोटातल्या बलकावर ते एक दिवस न खाता राहते. मग तांदळाची बारीक कणी द्यावी. पाणी उथळ झाकणात, त्यात खडे टाकून, म्हणजे पिलू बुडत नाही.

खरी काळजी पुढेच. घार, मुंगूस, मांजर यांच्यापासून डालगे वाचवते. मानमोडीला मात्र डालगे अडवत नाही. हाच राणीखेत रोग. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा आमच्या आळीत एकही कोंबडी उरली नाही.

पालकहो, यावर लस आहे. पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. बाटलीत पुष्कळ पिलांची लस असते आणि ती एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठी कोण आणणार? म्हणून यंदा आमच्या आळीतल्या सहा घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या, आणि काका बर्फात घालून लस घेऊन आले.

दीड-दोन महिन्यांनी आईच पिलांना टोच मारून हाकलते. तेव्हा घाबरू नये, ती आता पुन्हा अंड्यावर येणार असते.