गराजमधली बीटल

मंडळी, आमच्या चिरंजीवांनी जुनी फोक्सवॅगन बीटल आणली आणि गराजमध्येच इंजिन उतरवायचं ठरवलं. सौ. म्हणाली, "अहो, मेकॅनिककडे टाका ना!" पण बीटलचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, तारा-नळ्या सोडवून चार मोठे बोल्ट काढले की खाली येतं. जॉन म्यूर यांच्या १९६९ सालच्या फोक्सवॅगन-दुरुस्तीच्या पुस्तकाने कित्येक नवख्यांच्या हाती पाना दिला. आम्हीही तेच उघडून बसलो. व्हॉल्व्हची फट ०.००६ इंच, तीही इंजिन गार असताना मोजायची, हे मला मुलाने शिकवलं. मी त्याला एकच शिकवलं: नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. आधी चाकांना ठोकळे, मग गाडीखाली भक्कम स्टँड. मेकॅनिकचे पैसे वाचतात हो, पण जॅक सटकला तर माणूस वाचत नाही.