नवजात शिशूंमधील रक्तसंसर्ग आणि प्रतिजैविकांना होणारा प्रतिरोध

प्रस्तावना

जन्मानंतरचे पहिले 28 दिवस हा मानवी आयुष्यातील अत्यंत धोक्याचा कालखंड होय. या काळात जिवाणू रक्तात शिरून सर्वांगास बाधा झाली म्हणजे त्या अवस्थेस 'सेप्सिस' असे म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बालकांची प्रतिकारशक्ती अपरिपक्व असते. त्यांना जगविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सलाईनच्या व श्वासाच्या नळ्याच जंतूंना शरीरात शिरण्याची वाट करून देतात, हा अतिदक्षता विभागातील मोठाच विरोधाभास आहे.

निदानातील अडचण

नवजात बालकास ताप येईलच असे नाही. ते दूध ओढेनासे होते, गार पडते, मलूल होते. कधी श्वास मध्येच थांबतो. ही लक्षणे इतर आजारांतही आढळतात. रक्ताच्या कल्चर तपासणीचा अहवाल येण्यास साधारणतः दोन दिवस लागतात आणि तोवर थांबणे बालकाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे केवळ संशयावरून प्रतिजैविके सुरू करावी लागतात. हे योग्यच आहे. परंतु कल्चरमध्ये जंतू आढळले नाहीत आणि बालक सुधारले, तरीही औषध आठवडाभर चालू ठेवले जाते, तेव्हा त्या बालकाच्या आतड्यातील प्रतिरोधी जंतूंचेच फावते.

दिल्लीतील अभ्यास

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात झालेल्या आणि 2016 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथेच जन्मलेल्या व अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या 13,530 बालकांची नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी 14.3 टक्के बालकांना सेप्सिस झाला. कल्चरमध्ये ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व ई. कोलाय हे जंतू प्रामुख्याने आढळले. यांतील अनुक्रमे 82, 54 व 38 टक्के जंतू एकाच वेळी अनेक औषधगटांना दाद देत नव्हते.

याहून विचार करायला लावणारी बाब निराळी आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांनुसार पहिल्या 72 तासांतील संसर्ग मातेच्या जननमार्गातून, तर नंतरचा रुग्णालयातून येतो. दिल्लीत मात्र सुमारे दोन तृतीयांश सेप्सिस पहिल्या 72 तासांतच उद्भवला आणि दोन्ही टप्प्यांतील जंतू जवळजवळ सारखेच निघाले. संशयाची सुई त्यामुळे प्रसूतिगृहाकडे आणि बालकास प्रथम हाताळणाऱ्या हातांकडे वळते.

प्रतिरोधाचे स्वरूप

प्रतिरोधाची जनुके बहुधा प्लाझ्मिड नामक डीएनएच्या वर्तुळाकार तुकड्यांवर असतात आणि ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे, प्रसंगी निराळ्या जातीच्या जंतूकडेही जातात. 2009 मध्ये प्रथम वर्णिलेले एनडीएम-1 हे विकर कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधेही निष्प्रभ करते. मग उरते कोलिस्टिन. पण त्याने मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

रुग्णालयाबाहेरील चित्र याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा राबविली. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटला. सेप्सिससाठी वापरलेली औषधे होती जेंटामायसिन आणि कोट्रायमोक्साझोल, म्हणजे अगदी स्वस्त आणि जुनी. दिल्लीच्या अतिदक्षता विभागांतील जंतूंपुढे अशा औषधांचा पाड लागणे कठीण. तेथे दोन पाळण्यांमधील अंतर, एका परिचारिकेवर सोपविलेल्या बालकांची संख्या आणि प्रत्येक बालकास स्पर्श करण्यापूर्वी धुतलेले हात यांनाच औषधाइतके मोल येते.