पापलेटचं पिल्लू जाळ्यातून सुटणार कसं?

आजचा विषय आहे भोक. हसू नका, मासेमारीच्या जाळ्याचं भोक. मच्छीमार त्याला 'आस' म्हणतात.

बाजारातली कांद्याची जाळीदार पिशवी आठवा. लांबीच्या दिशेने ताणली की तिची भोकं चपटी होऊन मिटतात. आपल्या किनाऱ्यावरच्या डोल जाळ्याचं तेच होतं. पिशवीसारखं हे जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी आत शिरते आणि निमुळत्या टोकात जमते. तिथली आस शंकरपाळ्याच्या आकाराची असते. ताण आला की मिटते. पापलेटचं पिल्लू बाहेर पडण्याइतकं लहान असतं, पण दारच बंद!

उपाय म्हणजे टोकाला चौकोनी आस. दोन बाजू ताणाच्या दिशेत, दोन आडव्या. ताण सरळ दोऱ्यांवर जातो आणि भोक उघडं राहतं. अख्खं जाळं बदलायचं नाही, फक्त टोक. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने यावर बरंच काम केलंय.

मग सगळे वापरत का नाहीत? 'त्यांना कळत नाही' हे शहरी उत्तर मला अजिबात पटत नाही. हिशोब बघा ना. मी जाळं बदललं, पिल्लं सुटली. ती उद्या शेजारच्याच्या बारीक जाळ्यात अडकली तर? तोटा आजचा आणि माझा एकट्याचा, फायदा पुढचा आणि सगळ्यांचा. गेम थिअरीचा पेपर दिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. म्हणून एकट्यादुकट्याने नाही, अख्ख्या बंदराने एकदम बदललं तरच गणित जमतं.

आणि जवळ्याचं काय? त्याच डोलीत जवळा, बोंबीलही येतो. आस मोठी केली की जवळा गेला, आणि तो सुकवून विकणाऱ्या घराची कमाईही गेली. त्यामुळे सगळीकडे एकच माप लादणं मला चूक वाटतं. जवळ्याच्या हंगामात बारीक टोक, एरवी चौकोनी, असं काहीतरी बंदरातच बसून ठरवावं लागेल.

२०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेटचा आहे १३५ मि.मी. बहुतेक स्मार्टफोन याहून लांब असतात! पुढच्या वेळी बाजारात पापलेटशेजारी फोन धरून बघा. फारच छोटं दिसलं तर मावशींना मोठं मागा. भाव ऐकून घाम फुटेल, ती तयारी ठेवा.