विश्लेषण : पालघरमध्ये महामार्ग, रेल्वे, बंदर एकाच वेळी, मग इंटरनेटच्या केबलची जागा कोण ठरवणार?

पालघर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत मोठे प्रकल्प एकामागोमाग एक आले. त्या प्रत्येकासाठी खोदकाम, भराव आणि पूल बांधणे आलेच. या कामांतच ऑप्टिकल फायबरसाठी जागा राखली नाही, तर तेच नवे रस्ते पुन्हा फोडावे लागतील. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात तर हा प्रश्न सुरक्षेशीही जोडलेला आहे.

जिल्ह्यात कोणते प्रकल्प आहेत?

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. सुमारे ७६ हजार २०० कोटींच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाले. ५०८ किलोमीटर लांबीच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही दोन स्थानके याच जिल्ह्यात आहेत. याशिवाय वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग, पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, विरार-डहाणू रेल्वे चौपदरीकरण आणि सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची जलवाहिनी आहे. प्रत्येकाची यंत्रणा वेगळी आणि नकाशाही वेगळा.

डिजिटल जोडणीचे नियोजन म्हणजे नेमके काय?

रस्ता किंवा रेल्वेमार्ग बांधतानाच त्याच्या कडेने रिकाम्या प्लास्टिकच्या नळ्या, म्हणजे डक्ट, पुरून ठेवायच्या. ठरावीक अंतरावर केबल ओढण्यासाठी व जोडण्यासाठी चेंबर ठेवायचे. पुलांवर केबलसाठी कप्पा आणि टॉवरसाठी जागा व वीज यांची तरतूद करायची. बोगद्यात बाहेरच्या टॉवरचा सिग्नल पोहोचत नाही. तिथे आत वेगळी अँटेना व्यवस्था लागते. हे सर्व आराखड्यात आधी दाखवले, तर पुढे केबल टाकण्यासाठी रस्ता खोदावा लागत नाही.

हे आधीच का करायचे?

फायबरची तार स्वतः फार महाग नसते. खर्चाचा मोठा भाग खोदकाम, परवानग्या आणि फोडलेला रस्ता पूर्ववत करणे यांत जातो. चर उघडाच असताना नळी टाकणे तुलनेने स्वस्त पडते. काँक्रीट झाल्यावर तेच काम अवघड आणि महाग होते.

दुसरे कारण केबल तुटण्याचे. समन्वयाविना होणाऱ्या खोदकामामुळे देशात दरवर्षी सुमारे ३ हजार कोटींचे नुकसान होते, असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करताना सांगितले होते. खोदणाऱ्याने आधी ॲपवर माहिती द्यायची आणि त्या जागेखाली कोणाची केबल वा वाहिनी आहे हे कळून घ्यायचे, अशी ही सोय आहे.

बोईसर-तारापूरसाठी ते अधिक महत्त्वाचे का?

तारापूर अणुऊर्जा केंद्रात १९६९ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा परिसर आपत्कालीन नियोजनात मोडतो. शेजारच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत आणि तिथे आग, स्फोट, वायुगळतीच्या घटना घडल्या आहेत. डहाणू-तलासरी भागाने नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. अशा वेळी लोकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा जातो, पण तो टॉवर सुरू असेल तरच. टॉवरला जोडणारी एकमेव केबल जेसीबीने तोडलेली असेल, तर इशारा पोहोचणार कसा? म्हणून अशा भागात केबलचे दोन वेगवेगळे मार्ग हवेत.

महामार्गालगत केबल, तरी गावात रेंज का नाही?

मुख्य मार्गाची केबल एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते. मध्ये गावासाठी जोडणीची जागा ठेवली नसेल, तर ती गावाजवळून नुसतीच निघून जाते. जव्हार, मोखाड्यातील डोंगराळ पाड्यांवर रेंजसाठी उंचवटा गाठण्याची वेळ येते. रेशनचे पॉस यंत्र, आरोग्य केंद्र, शाळा यांचे काम त्याच रेंजवर अडते.

‘भारतनेट’च्या सुरुवातीच्या टप्प्यांत अनेक ठिकाणी केबल सरळ रेषेत गेली. मध्ये एक तुकडा तुटला की पुढच्या सर्व ग्रामपंचायती बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये त्यामुळेच रिंग पद्धतीवर भर आहे. एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते.

कायदा काय सांगतो?

दूरसंचार कायदा, २०२३ नुसार केंद्र सरकार पायाभूत प्रकल्पांमध्ये सामाईक डक्ट वा केबल मार्गिका उभारण्यास सांगू शकते. त्या कोणा एका कंपनीच्या न राहता सर्वांना खुल्या असाव्यात, ही त्यामागची कल्पना. मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गालगत फायबर जाळ्याची योजना आधीच जाहीर केली आहे. तरतूद आहे, ती प्रत्येक निविदेत आणि जिल्हा पातळीवर उतरणे बाकी असते.

पालघरमध्ये काय करता येईल?

नकाशा पाहिला तर जिल्ह्यात रिंग जवळपास तयारच आहे. पश्चिमेला रेल्वेमार्ग, पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्यांना आडवे जोडणारे बोईसर-चिल्हार व पालघर-मनोर रस्ते. या चारही बाजूंना सामाईक नळी असेल, तर बोईसर, तारापूर आणि पालघरच्या जिल्हा मुख्यालयाला दुहेरी मार्ग मिळू शकतो. पुढे विक्रमगड-जव्हारकडे तीच शाखा नेता येईल.

त्यासाठी सर्व यंत्रणांचे नकाशे ‘गतिशक्ती’च्या एकाच आराखड्यावर हवेत. गावासाठीच्या जोडणीच्या जागा निविदेतच नमूद हव्यात आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना नळीचीही तपासणी हवी. वाढवण बंदराकडे जाणारा सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता ही त्याची पहिली कसोटी ठरू शकते. चर एकदा बुजला, की ही संधी पुढच्या दुरुस्तीपर्यंत येत नाही.