पोर्ट लुई : बंदरात उतरलेले अन्न

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटर पूर्वेस, ज्वालामुखीच्या उद्रेकातून वर आलेले आणि प्रवाळभित्तींनी वेढलेले मॉरिशस हे बेट सुटी घालवण्यास निघालेल्या मुलखोमुलखीच्या प्रवाशांना आता चांगलेच परिचित झाले आहे. त्यांपैकी बहुतेकांचा मुक्काम किनाऱ्यावरच्या एखाद्या प्रशस्त हॉटेलात असतो; शुभ्र वाळू, नारळ-सुरूची झाडे, संथ निळे पाणी आणि तिन्ही त्रिकाळ तेथेच वाढले जाणारे कोणत्याही देशाचे नसलेले भोजन, एवढेच मॉरिशस त्यांच्या वाट्याला येते. त्या सृष्टिसौंदर्याचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु हे बेट कोणी वसवले, कोणाच्या श्रमांवर ते उभे राहिले आणि इतक्या भिन्न वंशांची माणसे तेथे एकत्र कशी नांदतात, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने एक दिवस समुद्रस्नानाचा मोह आवरून राजधानी पोर्ट लुईची वाट धरावी, आणि ती भुकेल्या पोटी धरावी.

पोर्ट लुई हे बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, मोका पर्वतरांगेच्या अर्धवर्तुळात विसावलेले बंदर आहे. पाठीशी अंगठ्याच्या आकाराचे ल पूस हे शिखर, मध्ये ब्रिटिशांनी बांधलेली काळ्या पाषाणाची गढी, आणि पुढे गोदी, वखारी व जहाजे, अशी त्याची मांडणी आहे. 1735 साली गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोने या फ्रेंच कारभाऱ्याने या बंदराला राजधानीचे रूप दिले. तत्पूर्वीचा इतिहास ध्यानी घेतल्याखेरीज येथील खाद्यसंस्कृतीचे मर्म उलगडणार नाही. या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. 1598 साली डच खलाशी उतरले तेव्हा त्यांना अरण्य, कासवे आणि उडता न येणारा डोडो पक्षी एवढेच आढळले. डचांनी जावा बेटातून ऊस आणि हरणे आणली, डोडो नामशेष झाला, आणि 1710 मध्ये डच बेट सोडून गेले. 1715 पासून फ्रेंचांचा अंमल सुरू झाला. आफ्रिका व मादागास्कर येथून धरून आणलेल्या गुलामांच्या पोटासाठी ला बुर्दोनेने दक्षिण अमेरिकेतील कसावा हा कंद येथे रुजवला, तर पिएर प्वाव्र या दुसऱ्या कारभाऱ्याने पांप्लमूसच्या उद्यानात जायफळ व लवंग यांची रोपे वाढवली. 1810 मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि 1835 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. तात्पर्य, येथे जे जे शिजते त्यातील बहुतेक सर्व धान्य, कंद, मसाले आणि ते शिजवणारे हात एके काळी जहाजातून या बंदरात उतरलेले आहेत.

त्या उतरण्याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे गोदीलगतचा आप्रवासी घाट होय. गुलामगिरी संपणार हे दिसू लागताच उसाच्या मळ्यांना दुसरे मजूर हवे होते, म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ केला. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलास’ या जहाजातून पहिले छत्तीस मजूर उतरले, आणि त्यानंतरच्या सुमारे पाऊण शतकात कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर आली. पाच वर्षांचा करारनामा, दरमहा पाच रुपये वेतन, आणि शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ, तेल, असा तो व्यवहार होता. घाटाच्या मोजक्या दगडी पायऱ्या आजही शाबूत आहेत. युनेस्कोने 2006 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. पोर्ट लुईची खाद्ययात्रा येथूनच आरंभावी हे उचित, कारण या पायऱ्या पाहिल्यानंतर शहरातल्या हातगाडीवरच्या प्रत्येक घासाला त्याचा पूर्वेतिहास लाभतो.

घाटापासून थोड्याच अंतरावर मध्यवर्ती बाजार लागतो. महाराणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे मिरवणाऱ्या लोखंडी दारातून आत पाऊल टाकताच भाज्यांचे ढीग दिसू लागतात, आणि महाराष्ट्रीय पाहुण्याला आपण परदेशी आहोत याचा क्षणभर विसर पडतो. दोडकी, कारली, भेंडी, दुधी, अळूचे कंद, कोथिंबिरीच्या जुड्या, कढीलिंब, हिरव्या मिरच्या. आणि यांच्या शेजारीच मेक्सिकोहून जगभर पसरलेले, येथे ‘शूशू’ म्हणून ओळखले जाणारे फिकट हिरवे फळ, तसेच ‘ब्रेद’ या एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या नानाविध पालेभाज्या. एका अंगाला काढ्यांच्या वनस्पती विकणारे बसलेले असतात. दुसऱ्या अंगाला गार दुधात सब्जाचे बी, अगरअगरचे किसलेले तुकडे आणि व्हॅनिलाचा किंवा गुलाबाचा सुवास घातलेले ‘अलुदा’ मोठ्या पेल्यांतून दिले जाते. आपल्या फालुद्याचे ते समुद्रापार गेलेले भावंड, आणि उष्ण दमट दुपारी त्याच्यासारखे तृप्तिदायक दुसरे काही नाही.

परंतु या शहराचे, किंबहुना सर्व बेटाचे, सर्वमान्य अन्न म्हणजे दालपुरी, तेथील उच्चारात ‘डोलपुरी’. चण्याची डाळ हळद घालून शिजवावयाची, पाणी निथळून ती कोरडी, मोकळी वाटावयाची, तीत भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळावयाची, हे पुरण मैद्याच्या उंड्यात भरून पुरी अतिशय पातळ लाटावयाची आणि तव्यावर किंचित तेलाने शेकावयाची. डाळीचे ते पिवळे पाणीही वाया न घालवता पीठ मळण्यास घ्यावयाचे. आपल्या पुरणपोळीतून गूळ वजा करावा आणि ती रुमालासारखी पातळ, मऊसूत व्हावी, तशी ही पुरी लागते. नेहमी दोन पुऱ्यांची जोडी मागावयाची; विक्रेता तीवर डबल बीची आमटी, टोमॅटोचा रस्सा, कोथिंबिरीची चटणी आणि विचारून मिरची घालतो, कागदात गुंडाळतो आणि क्षणार्धात हाती ठेवतो. बिहार व पूर्वांचलातील भोजपुरी घरांत दालपुरी ही सणासुदीची, आणि मॉरिशसमधील हिंदू घरांतही शुभकार्यात खिरीबरोबर वाढावयाची. तेच पक्वान्न येथे दररोजचे झाले. हातगाडीपुढे बँकेतला अंमलदार, गोदीतला हमाल, शाळकरी मुलगी, चिनी दुकानदार आणि आफ्रिकी वंशाची गृहिणी एकाच रांगेत उभी असतात, आणि क्रिओल भाषेत सर्वांची मागणी एकच असते : ‘एन पेर’, म्हणजे एक जोडी.

सकाळच्या न्याहारीचा मान मात्र ‘गातो पिमाँ’चा. भिजवून भरड वाटलेल्या डाळीत कांद्याची पात, कोथिंबीर, कढीलिंब व मिरची घालून तळलेले हे गोळे आपल्या डाळवड्याच्या जातीचे. परंतु लोणी लावलेल्या फ्रेंच धाटणीच्या पावात ते चुरडून भरावयाचे आणि दुधाच्या वाफाळत्या चहाबरोबर खावयाचे, ही रीत मॉरिशसची स्वतःची. फ्रेंचांचा पाव, हिंदी मजुरांचा वडा आणि इंग्रजी अमदानीतला चहा यांचा असा संगम शहराच्या जुन्या भागातील ‘लोतेल दिते’, म्हणजे चहाची साधी दुकाने, येथे रोज पहाटेपासून घडत असतो. ज्याला या शहराचा ‘कॅफे’ पाहावयाचा आहे त्याने प्रथम अशा दुकानात बसावे. बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस घोड्यांच्या शर्यतींपासून वादळाच्या वर्दीपर्यंत सर्व वर्तमान आपण होऊन सांगू लागतो.

बाजारापासून पुढे रॉयल रोडवर चिनी वस्ती लागते. चीनच्या दक्षिण भागातून आलेल्या हाक्का व कँटोनी लोकांनी किराणा दुकाने थाटली. उसाच्या वसाहतींतही त्यांची दुकाने होती, आणि वेतन हाती येईपर्यंत मजुरांचा संसार त्यांच्या उधारीच्या वहीवर चाले. परतलेल्या शेवया म्हणजे ‘मिन फ्री’, रश्शातले वाफवलेले गोळे म्हणजे ‘बुलेत’, आणि वाडग्यात अंडे, भाज्या-मांस व भात यांचे थर भरून ते ताटलीत पालथे घातलेले ‘बोल राँव्हेर्से’ हे पदार्थ आता कोणा एका जमातीचे राहिलेले नाहीत. विशेष हे की बुलेतांतील एका प्रकारात हाक्का सुगरणींनी वर सांगितलेले शूशू किसून घातले आणि परक्या भूमीतल्या फळाला आपल्या स्वयंपाकात कायमचे स्थान दिले. याच परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेली जुम्मा मशीद उभी आहे. गुजरात-कच्छच्या व्यापारी घराण्यांबरोबर आलेली बिर्याणी येथे बटाट्यासह देगांत शिजते, आणि हलीम पातळ सारासारखा वाडग्यातून पावाबरोबर घेतला जातो.

गुलामांच्या वंशजांनी घडवलेली क्रिओल पाकशैली या सर्वांना जोडणारा धागा आहे. कांदा, लसूण, आले, मिरची व थाइमची पाने घालून आटवलेला टोमॅटोचा ‘रुगाय’ खाऱ्या मासळीबरोबर, अंड्यांबरोबर, कशाहीबरोबर येतो. पालेभाजीचे निवळ सार, मसूर किंवा डबल बी, भात आणि चटणी हे गरिबाघरचे जेवण. अष्टपाद ‘उरित’चे कालवण हा सुटीच्या दिवसाचा बेत. हळद, मोहरी व व्हिनेगर यांत मुरवलेल्या मासळीचे ‘विंदाय’ चाखताना गोव्याच्या विंदालूशी त्याचे दूरचे नाते असल्याचे जिभेला आपोआप कळते.

या मेळ्यात आपलेही माणूस आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातील बरीच कुटुंबे होती. त्यांचे वंशज बहुधा घरी क्रिओल बोलतात. तथापि तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी आहे. त्या दिवशी घरोघर मोदक होतात, आणि जाखडी नाचाच्या ठेक्यावर मिरवणूक समुद्राकडे निघते. भाद्रपदात तेथे असण्याचा योग आला तर मराठी प्रवाशाने तो दवडू नये.

ज्यांना निवांत बैठकीचा शौक आहे त्यांच्यासाठी गोदीच्या काठी 1996 मध्ये उभा राहिलेला कोदाँ हा विभाग आहे; जहाजे न्याहाळत कॉफी घ्यावी अशी अनेक आधुनिक उपाहारगृहे तेथे आहेत. परंतु एक दिवस अधिक असेल तर दक्षिणेकडील ब्वा शेरी येथील चहाचा मळा गाठावा. 1892 पासून चाललेल्या या मळ्याच्या टेकडीवर बसून व्हॅनिलाचा सुगंध असलेला चहा घेताना खाली तळे, पलीकडे उसाचे हिरवे विस्तार आणि क्षितिजावर समुद्र दिसतो. आग्नेय किनाऱ्यावरील माएबूर या जुन्या गावी दर सोमवारी मोठा बाजार भरतो, आणि त्याच्याजवळच 1870 पासून एका कुटुंबाने चालवलेला कसाव्याच्या बिस्किटांचा कारखाना आहे. उसाच्या वाळल्या पाचटाचा जाळ करून तापवलेल्या पत्र्यांवर ही बिस्किटे भाजली जातात. गुलामांच्या पोटापुरता म्हणून आणलेला कंद असा पाहुण्यांच्या चहाच्या तबकात सन्मानाने आला आहे.

पोर्ट लुईला आठवड्याच्या कामाच्या दिवशी, सकाळीच जावे. 1867 च्या सुमारास हिवतापाच्या भीषण साथीने शहर उद्ध्वस्त केले तेव्हा ज्यांना शक्य होते ती कुटुंबे क्यूरपीपसारख्या उंचावरील गावी राहावयास गेली. तेव्हापासून लोक दिवसा कामास उतरतात आणि संध्याकाळी परततात, त्यामुळे दिवेलागणीस रस्ते ओस पडतात. आता क्यूरपीपपर्यंत मेट्रो धावते, त्यामुळे येणे-जाणे सुकर झाले आहे. मे ते ऑक्टोबर हा तेथील शीतल ऋतू पायी हिंडण्यास उत्तम.

या बेटाची लागवडीखालील बहुतेक जमीन अद्याप उसाने व्यापलेली आहे, आणि तांदूळ, गहू, डाळी आजही बाहेरूनच, याच बंदरातून येतात. म्हणजे मजुरांच्या काळचा तो परावलंबी शिधा आकाराने बदलला, पण सर्वथा संपला नाही. बदलली ती त्याची प्रतिष्ठा. एके काळी ज्या डाळीचे माप मळ्याच्या मुकादमाच्या मर्जीवर भरले जाई, त्याच डाळीच्या पुरीला आज सर्व राष्ट्र आपले अन्न म्हणते, आणि ती विकणाऱ्याचा पणजोबा कोणत्या जहाजातून आला होता हे कोणी विचारत नाही. सत्तेने जे केवळ श्रमिक जगावा इतपत दिले, त्याला श्रमिकांनी चव दिली, एकमेकांना वाढले आणि त्यातून एक समाज उभा केला. मानवी कर्तृत्वाचा हा प्रकार कोणत्याही किल्ल्याहून वा राजवाड्याहून उणा नाही. मॉरिशसला जाणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच किनाऱ्यावरच्या सुखशय्येतून उठून एक दुपार दालपुरीच्या रांगेत उभे राहावे, जोडी मागावी, आणि ती खाताना, जी कष्टाळू माणसे हे अन्न आपल्यापर्यंत घेऊन आली त्यांचे मनोमन ऋण मानावे.